ठराव कोण करतो?



मागे एका महानगरपालिकेच्या निवडणुकीत आम्हाला मतदान अधिकारी म्हणून कामाचा हुकूम आला. कारकुनी नोकरीत हा हुकूम कोणालाच चुकत नाही. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घ्यायचे, शाळेच्या वर्गात बाकावर रात्र काढायची आणि पहाटे उठून मांडामांड करायची. आमच्याकडे मतदार यादी होती. मतदार आला की अनुक्रमांक व नाव मोठ्याने वाचायचे, ओळखपत्र पाहायचे आणि यादीवर खूण करायची, एवढेच आमचे काम.

अकराच्या सुमारास एक आजी आल्या. गळ्यात काळ्या दोऱ्यात बाबासाहेबांचे पदक. मतदार ओळखपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पदराच्या गाठीला बांधलेले. ते सोडवायलाच दोन मिनिटे लागली. आम्ही यादी पाहिली, नाव नाही. मागेपुढे पाहिले, नाही. शेवटी पुरवणी यादी काढली. तिथे वगळलेल्या नावांत आजींचे नाव सापडले. कारण लिहिले होते, स्थलांतरित.

झाले असे होते की, नाल्याच्या कडेला त्यांची झोपडी होती. नाला रुंद करताना ती पाडली आणि आजींना तात्पुरत्या खोल्यांत हलवले. खोली बदलली, रेशनकार्डावरचा पत्ता मुलाने धावपळ करून बदलून घेतला, पण मतदार यादीचा अर्ज कोणीच भरला नाही.

"आरं लेकरा, मी कुठं गेले न्हाय, हितंच हाय. नीट बघ," आजी म्हणाल्या. "बाबासाहेबानं दिलेलं मत हाय माझं, असं कसं जाईल?"

आम्ही केंद्राध्यक्षांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. नियमापुढे त्यांचाही इलाज नव्हता. आजी पुन्हा पिशवी गुंडाळून, गाठ मारून निघून गेल्या.

त्या रात्री घरी आल्यावर आम्हाला जेवण गेले नाही. दुसऱ्याच दिवशी आम्ही आमच्या वस्तीची यादी मिळवून वाचायला बसलो. चार वर्षांपूर्वी निधन पावलेले शेजारचे काका यादीत होते. पलीकडच्या घरातील तीन सुनांपैकी दोघींची नावे अजून माहेरच्या गावीच होती. बारावी होऊन कामाला लागलेल्या मुलांपैकी निम्म्यांचा पत्ताच नव्हता. म्हणजे मेलेली माणसे यादीत आणि जिवंत माणसे यादीबाहेर! आणि आम्ही, समाजाचे काम करतो असे सांगत फिरणारे, दर वर्षी जयंतीच्या वर्गणीची यादी मात्र न चुकता करीत होतो. त्या यादीत एकही घर सुटत नव्हते.

बंधू-भगिनींनो, या मतासाठी बाबासाहेबांनी किती वर्षे खर्ची घातली, ते आपण भाषणात ऐकतो आणि विसरतो. जानेवारी 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली, तेव्हा ते 27 वर्षांचे होते. मे 1928 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला निवेदन दिले आणि त्यात प्रौढ मताधिकार मागितला. त्या काळी मत हे मालमत्ता, करपट्टी आणि शिक्षण पाहून मिळत असे. ज्यांच्याकडे जमीन नाही, घर नाही आणि ज्यांना शाळेच्या पायरीवर चढू दिले नाही, त्यांच्याकडे मत कुठून असणार? पुढे घटनेच्या 326 व्या कलमाने गिरणी मालकाला एक मत आणि गिरणीतल्या झाडूवाल्यालाही एकच मत दिले. वयाची अट तेव्हा 21 होती, 1989 पासून ती 18 झाली.

मत नसले म्हणजे काय होते, हे पाहायचे असेल तर महाडचा इतिहास पाहा. चवदार तळे म्हटले की आपल्याला 20 मार्च 1927 आठवतो, आणि तो आठवलाच पाहिजे. पण त्याच्या मागचीपुढची हकिकतही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ऑगस्ट 1923 मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तसा ठराव करून तळे कागदावर खुले केले. तळ्यावर मात्र आमचा माणूस जाऊ शकला नाही. बाबासाहेबांनी सत्याग्रह करून तो हक्क बजावला. मग ऑगस्ट 1927 मध्ये त्याच नगरपालिकेने आपला आधीचा ठराव रद्द केला! पुढे कोर्टकचेरी झाली आणि मार्च 1937 मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे गेली.

तळे नगरपालिकेच्या ठरावाने उघडले आणि नगरपालिकेच्याच ठरावाने बंद झाले. ठराव करणाऱ्यांना तो फिरवताना भीती वाटली नाही, कारण ज्यांचे पाणी तोडायचे त्यांच्यातल्या बहुतेकांना मतच नव्हते. आज आपल्याला मत आहे. मग आज आपल्या नळाला पाणी किती वाजता सोडायचे, गटार कुठून न्यायचे, दिवा कोणत्या खांबावर लावायचा, स्मशानभूमीचा रस्ता करायचा की नाही, हे ठराव कोण करतो? आणि ते होत असताना आपण कुठे असतो?

वस्तीत फिरताना आम्हाला नेहमी तीन उत्तरे ऐकू येतात.

पहिले उत्तर, "आमच्या एकट्याच्या मतानं काय व्हणार?" मुंबई महानगरपालिकेच्या 2017 च्या निवडणुकीत 220 क्रमांकाच्या प्रभागात दोन उमेदवारांना सारखीच मते पडली. फेरमोजणी झाली आणि शेवटी चिठ्ठी टाकून निकाल लावावा लागला. त्या दिवशी कोणी एक मतदार घरी झोपून राहिला नसता, तर चिठ्ठीची वेळच आली नसती. विधानसभा-लोकसभेत मतांचा फरक हजारांत-लाखांत असतो. ग्रामपंचायतीच्या वॉर्डात तो कित्येकदा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढा असतो. म्हणजे निवडणूक जितकी लहान, तितके आपले मत मोठे. आणि नेमक्या याच निवडणुकीला आपण सर्वांत हलके समजतो!

दुसरे उत्तर, "निवडून आल्यावर कोण विचारतो? मग आधी दोन पैसे मिळाले तर काय बिघडलं?" आम्ही कॉमर्सचे पदवीधर, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. समजा, एका मताचे एक हजार रुपये मिळाले. पाच वर्षांचे दिवस होतात 1826. भागाकार करा. दिवसाला 55 पैसे पडतात. यात कटिंग चहासुद्धा येत नाही. या 55 पैशांत आपण आपल्या गल्लीचे गटार, मुलांच्या शाळेचे छप्पर, दवाखान्यातली नर्स आणि तक्रार करण्याचे तोंड, सगळे विकून मोकळे होतो. पैसे देणारा मात्र पुढची पाच वर्षे आपला हिशेब बरोबर वसूल करतो. त्याच्याकडे तक्रार घेऊन गेलो की तो मनात म्हणतो, "तुझे तर मी चुकते केले आहेत."

तिसरे उत्तर थोडे खरे आहे. "मत दिलं तरी आमच्या मनाचा माणूस येत नाही." होय, हे होते. दस्तुरखुद्द बाबासाहेबांच्या बाबतीत झाले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, 1952 साली, मुंबईतून घटनेचा शिल्पकारच चौदा-साडेचौदा हजार मतांनी पडला. पण त्या निवडणुकीतली एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. तो मतदारसंघ द्विसदस्य होता. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते होती आणि ती दोन वेगळ्या उमेदवारांना द्यायची होती. दोन्ही एकालाच दिली तर त्यातले एक बाद. मोजणीत सत्तर हजारांहून अधिक मते बाद ठरली. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी त्याविरुद्ध निवडणूक अर्ज केला, तो फेटाळला गेला. पराभव चौदा-साडेचौदा हजारांचा आणि बाद मते सत्तर हजारांवर! या दोन आकड्यांवरून काय शिकायचे ते प्रत्येकाने शिकावे.

आम्ही हे सांगतो त्याला कारण आहे. मुंबई सोडून राज्यातल्या महानगरपालिकांत आज बहुसदस्य प्रभाग आहेत. बहुतेक ठिकाणी एका प्रभागात चार जागा, म्हणून चार मते. प्रत्येक जागेसाठी एक बटण दाबायचे असते. पुष्कळ माणसे ओळखीच्या चिन्हाचे एकच बटण दाबतात आणि बाहेर यायला निघतात. मग कर्मचाऱ्याला हाक मारावी लागते, "काका, मतदान पूर्ण झाले नाही!" गोंधळलेला माणूस मग हाताला येईल ते बटण दाबतो. म्हणून घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी आदल्या रात्री आई-वडिलांना वहीच्या पानावर चार रकाने काढून हे समजावून द्यावे. कोणाला मत द्या, हे सांगण्याचा हा लेख नाही. पण दिलेले मत वाया जाऊ नये, एवढी शिकवण 1952 ने आपल्याला दिलेली आहे.

आणि निवडणूकच झाली नाही तर काय होते, तेही आपण नुकतेच अनुभवले. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढचे मतदान झाले 15 जानेवारी 2026 रोजी. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार. राज्यातल्या इतरही अनेक शहरांत हीच गत होती. त्या काळात ज्यांच्या वस्तीत गटार तुंबले, त्यांना विचारा. नगरसेवक चांगला असो की वाईट, त्याच्या दारात उभे राहून दहा माणसे ओरडू शकतात, कारण त्याला पुन्हा दारात यायचे असते. चार वर्षे ते दारही नव्हते. ज्याच्याकडे गाडी-बंगला आहे त्याचे काम फोनवर होते. दार लागते ते आपल्याला.

पण वाचकहो, मत हे अर्धेच काम आहे. उरलेले अर्धे काम पुढच्या पाच वर्षांचे आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही 15 ऑगस्टला गावी गेलो होतो. झेंडावंदन झाले, मुलांना खाऊ वाटला आणि शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा सुरू झाली. गावची मंडळी सतरंजीवर. आमच्या बौद्धवाडीतले पाच-सहा जण बाहेर लिंबाखाली उभे. आम्ही म्हटले, "आत का बसत नाही?" एक म्हणाला, "बोलावलं न्हाय." आम्ही म्हटले, "ग्रामसभेला बोलवावे लागत नाही. यादीत नाव आहे तो सभासद." तेवढ्यात बचत गटातली एक वहिनी पदर खोचून आत गेली आणि सतरंजीच्या कडेला बसली. तिच्या मागून आणखी चौघी गेल्या. विषय संपत आले तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "भाऊसाहेब, पंधरा टक्के आमच्या वाडीचं असतंय म्हनं. ते गेल्या साली कशावर खर्च झालं, तेवढं वाचून दाखवा."

सभा गप्प झाली. ग्रामसेवकांनी वही चाळली. खर्च पडला होता, पण तो आमच्या वाडीत पडलेला नव्हता. वहिनी म्हणाली, "मग हे मी विचारलं, असं लिवा." ते इतिवृत्तात लिहिले गेले. पुढच्या वर्षी वाडीच्या वाटेवर चार खांब उभे राहिले आणि दिवे लागले. मोर्चा नाही, घोषणा नाही. एका बाईने सभेत बसून एक प्रश्न विचारला आणि तो लिहून घ्यायला लावला, एवढेच.

वहिनीला ठाऊक होते ते सगळ्यांना ठाऊक असावे. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पंचायतीचे उत्पन्न आठ लाख असेल तर पंधरा टक्के म्हणजे एक लाख वीस हजार. वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसे, यांतील जो आकडा कमी असेल तेवढी लागतात. माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे आपण घरी बसलो की चार डोक्यांत गावाचा ठराव होतो आणि तो कायदेशीर असतो! माहिती मिळत नसेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेही दहा रुपये लागत नाहीत. उत्तराची मुदत 30 दिवस.

गणपूर्ती हा शब्द आपल्याला परका वाटायचे कारण नाही. घटना समितीतील 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी आवर्जून सांगितले की, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी या गोष्टी बौद्ध भिक्खू संघाला ठाऊक होत्या. विनयात शलाका वाटून मत घेण्याची रीत आहे. आणि अजातशत्रूचा मंत्री वज्जींवर स्वारी करण्याची गोष्ट घेऊन आला, तेव्हा भगवंतांनी आनंदाला पहिला प्रश्न काय विचारला? वज्जी लोक वारंवार सभा भरवतात का, एकजुटीने जमतात आणि एकजुटीने उठतात का? जोपर्यंत ते तसे करतात तोपर्यंत त्यांची हानी व्हायची नाही, असे तथागत म्हणाले. तेव्हा ग्रामसभेला जाणे हे आपल्या धम्माला धरूनच आहे.

याच्या उलटही चालते. जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील ग्रामपंचायतीच्या निवडणुका रद्द केल्या, कारण तिथे पदांचा चक्क लिलाव झाला होता. गावात "बिनविरोध" शब्द निघाला की आपण कान टवकारले पाहिजेत. एकमत चांगलेच. पण ते पारावर ठरले की सभेत? ठरवताना बौद्धवाडी तिथे होती का? बाबासाहेबांनी 1932 मध्येच मुंबई कौन्सिलात ग्रामपंचायतीच्या विधेयकावर बोलताना अस्पृश्यांच्या वेगळ्या प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला होता. पंचायतींतील राखीव जागा घटनेतच पक्क्या झाल्या त्या 73 व्या दुरुस्तीने, 24 एप्रिल 1993 पासून. महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत. पण राखीव जागेवर बसणारी आपली भगिनी सही करते आणि बोलतो तिचा नवरा, किंवा त्याच्याही मागे उभा असलेला गावपुढारी! असे असेल तर जागा आपली, पण ठराव दुसऱ्याचा.

ज्यांना उभे राहायचे आहे त्यांनी जात वैधता प्रमाणपत्राची तयारी आजच करावी. निवडणूक लागल्यावर धावपळ करून ते मिळत नाही आणि मुदतीत सादर झाले नाही तर निवडून आलेल्याचे पदही जाते. नवबौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश 1990 पासून आहे, पण पुराव्याला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा कागद मागतात. आजोबांच्या शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जुने गावचे कागद, जे असेल ते पेटीतून काढून एका फाईलला लावून ठेवा.

आता आमच्या वस्तीत काय केले ते सांगून हा लेख संपवतो. महिन्यातल्या एका रविवारी वंदना झाली की विहारात मतदार यादी मांडायची, असे ठरवले. दोन मुले मोबाईल घेऊन बसतात, एक मुलगी वही घेऊन बसते. नवे नाव असेल तर नमुना 6. पत्ता बदलला, नाव चुकले तर नमुना 8. निधन झालेल्यांचे नाव कमी करायचे असेल तर नमुना 7. वर्षातून चार तारखांना, म्हणजे 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबरला अठरा पूर्ण होणाऱ्यांची नोंद होते आणि सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. अडले तर 1950 हा फुकटचा नंबर आहे. दोन गोष्टी आम्ही भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावल्या. ओळखपत्र खिशात असून भागत नाही, यादीत नाव लागते. आणि नगरपालिका-ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच फोडतात. प्रभागाची यादी लागल्यावर नवे नाव घालता येत नाही. म्हणून निवडणुकीची वाट पाहायची नाही.

पहिल्या रविवारी सात माणसे आली. आम्ही खट्टू झालो. तेव्हा विहारातल्या एका जुन्या गिरणी कामगार काकांनी आम्हाला समजावले, "वर्गणीला जातोस तसा घरोघर जा की. लोकं येत नसतात, जावं लागतं." आम्ही गेलो. आता वर्गणीच्या वहीशेजारी यादीची वही ठेवलेली असते.

त्या आजींचे पुढे काय झाले, आम्हाला ठाऊक नाही. त्या आमच्या वस्तीतल्या नव्हत्या. पण तुमच्या वस्तीत, पदराच्या गाठीला ओळखपत्र बांधून ठेवणारी अशी एखादी आजी असेलच. येत्या रविवारी विहारात जाल तेव्हा यादी मागवा आणि सर्वांत आधी तिचे नाव पाहा.